पुलाअलीकडचा गडी

"मॅडम, हा गडी काहून असल्या आडगावी राह्यतो?"

कंट्रोलरकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तेव्हा मुलांना टायपिंग शिकवत होते, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी गेम उघडा टाकून गेलं होतं, आणि काका, म्हणजे क्लासच्या जागेचे घरमालक, त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. पडद्यावर एक डोंगर, डोंगराखाली पाच-सहा घरं, एक आड, आणि एका झोपडीसमोर पिवळ्या केसांचा एक तरुण काहीच न करता उभा.

"काका, गेम आहे तो. राहतो कुठंतरी."

"कुठंतरी न्हाई. आडगावीच राह्यतो. एवढा मोठा खर्चा करून गेम बनवला, तर मुंबईत राह्यला असता. काहून न्हाई राह्यला?"

मला त्यांचा रागच आला, कारण मुलं टायपिंग सोडून तिकडेच बघायला लागली होती. काकांनी ते पाहिलं, हात वर केला आणि हवेतच दोरी ओढल्यासारखं एकदा केलं. वर्ग चिडीचूप.

ही त्यांची खूण अख्ख्या जाफराबादला माहीत होती. काका एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून रिटायर झाले होते. गाडीत कंडक्टर दोरी ओढून घंटी वाजवतो ना, एकदा वाजवली की थांब आणि दोनदा वाजवली की चल, तीच भाषा यांनी घरीदारी चालवली होती. भाजीवाली जास्त बोलायला लागली की सिंगल. पाहुणा उठू का म्हणाला की डबल. एका तेराव्याला भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला त्यांनी भर मांडवात सिंगल दिली होती, आणि तो माणूस खरोखर खाली बसला.

दोन हजार सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. मी जालन्याहून बी.एस्सी. करून आले होते आणि स्टँडमागच्या त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन कॉम्प्युटर क्लास काढला होता. कॉम्प्युटर औरंगाबादहून जुने आणले होते, त्यातल्या एकात हा गेम आधीपासूनच होता. भाड्याचं बोलायला गेले तर काका म्हणाले, "ते होईल बराबर. रोज दुपारी एक तास मला त्या गड्यापाशी बसू द्यायचं, एवढं बोला." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी हो म्हटलं. म्हातारा माणूस आठ दिवसांत कंटाळेल असा माझा हिशोब होता. माझे हिशोब असेच असायचे.

गेम इंग्रजीत. गडी कुणापाशी गेला की खाली वाक्य उमटायचं आणि काका हाक मारायचे, "मॅडम, काय म्हणून राह्यली बाई?" मी लांबूनच सांगायची, "तिची कोंबडी हरवलीये." मग काका दुपारभर कोंबडी शोधायचे. लोहाराला कोळसा पाहिजे, आजीला पाणी पाहिजे, कुणाच्या तरी पोराचा पतंग झाडात अडकलाय. त्या गावात सगळ्यांना त्या एकट्याकडूनच काहीतरी पाहिजे होतं.

"बराबर हाय," काका म्हणायचे. "आपल्याकडं पण जो पोरगा घरी राह्यतो ना, त्यालाच सगळे कामं सांगतात."

आडगावाच्या प्रश्नाने मात्र त्यांना सोडलं नाही. रोज नवीन उत्तर. एकदा म्हणाले, "शहरातला असता तर दारी मोटारसायकल असती. तर्राट निघून गेला असता. गोष्ट तिथंच खतम." दुसऱ्या दिवशी ते खोडून नवं, "त्याला काही येत न्हाई ना अजून. कुंपणावरून उडी मारता येत न्हाई, बोलता येत न्हाई. शहरात कोण शिकवतं? इथं लोहार शिकवतो, आजी शिकवते. फुकट." बारावीचा एक पोरगा म्हणाला, "काका, कंपनीवाल्याला थोडेच घरं काढावे लागतात म्हणून." काका त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांचं खरं उत्तर मिळालं ते एका दुपारी लाईट गेली तेव्हा. तशी ती रोजच जायची. पंखे थांबले, कॉम्प्युटरच्या बॅटऱ्या थोडा वेळ कुईकुई करून गप्प झाल्या. मी वैतागून वही आपटली आणि बोलायला तोंड उघडलं तर काकांनी हवेत सिंगल दिली.

"ऐका."

काय ऐकायचं? काहीच नव्हतं. बाहेर ऊन, कुठंतरी एक शेळी. आणि मग लांबून, स्टँडाच्याही पलीकडून, एक हॉर्न आला.

"देऊळगाव राजाची गाडी," काका म्हणाले. "लेट हाय." मग माझ्याकडे वळले. "आता पंखे चालू असते तर आला असता का ऐकू? म्हणून तो गडी आडगावी हाय, मॅडम. गोष्टीत त्याला कुणीतरी हाक मारणार हाय. ती त्याला ऐकू आली पाहिजे. शहरात कुणी कितीबी बोंबलू द्या, कोण वळून पाह्यतं?"

वर्गातली मुलं हसली. मी नाही हसले. ज्या माणसाने उभा जन्म स्टँडवर भोंग्यातून हाका मारल्या, 'प्रवासी बंधूंनो लक्ष द्या' म्हणत गावच्या गाव गाड्यांत बसवून पाठवलं, त्याने ते म्हटलं होतं म्हणून असेल.

आणि स्वतः हा माणूस कुठं गेला होता? कुठ्ठं नाही! जालन्याला मीटिंगला जायचे, संध्याकाळी परत. रिटायर झाल्यावर फुकट प्रवासाचा पास मिळायचा, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात जपून ठेवलेला. मी एकदा म्हटलं, "काका, तुळजापूर तरी करून या." तर म्हणाले, "गाडी सोडणारा माणूस गाडीत बसला, तर गाडी सोडीन कोण?" मी म्हटलं, "तुम्ही रिटायर झालात." ते म्हणाले, "ते हाय." आणि पुन्हा कोंबड्यांकडे वळले.

मग पुलाची भानगड झाली.

गेममध्ये त्या गावाच्या कडेला एक लाकडी पूल होता. गावातली कामं संपली की पूल ओलांडायचा आणि मोठ्या मुलखात जायचं, असा तो मामला. काकांची कामं संपली. गडी पुलापाशी आला. मागून तोच बारावीचा पोरगा म्हणाला, "काका, मी पाह्यलंय पुढचं. पूल ओलांडला की राक्षस येतात आन् गाव जाळून टाकतात. सगळेच गेमात असंच असतं."

काकांनी हात माऊसवरून काढला. "आजीचं घर?"

"सगळंच."

"आन् नाही ओलांडला तर?"

"मंग काई होत न्हाई. पण मंग गेम पण होत न्हाई ना काका."

काकांनी गड्याला वळवलं आणि सरळ झोपडीत नेऊन उभं केलं. त्या दिवसापासून तो पुलाकडे फिरकला नाही. पावसाळा गेला, कपाशी वेचून झाली, तरी रोज दुपारी काका यायचे, आडाचं पाणी आजीला द्यायचे, कोंबड्या हाकून खुराड्यात घालायचे, लोहारापाशी जाऊन उभे राहायचे. लोहार तेच एक वाक्य म्हणायचा. आता मला सांगावं लागायचं नाही, काकाच त्याच्या आधी मराठीत म्हणायचे. मुलं चिडवायची, "काका, गेम खेळून राह्यले का संसार करून राह्यले?"

"मी इथं हाय तोवर गाव जळत न्हाई," काका म्हणायचे. "बास."

मला हसू यायचं. पण खरं सांगू? तेव्हा मीही तेच करत होते, फक्त माझ्याजवळ माऊस नव्हता.

माझे वडील, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं, त्यांना आदल्या वर्षी लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या माणसाने जाफराबादच्या निम्म्या लोकांना बाराखडी शिकवली त्याच्या तोंडून एक धड शब्द निघेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चालवा, एक दिवस चुकवू नका, नाहीतर उरलेलाही पाय जाईल. आई चणीने एवढीशी, तिला त्यांचं वजन पेलायचं नाही. म्हणून रोज संध्याकाळी क्लास सोडून मी घरी जायची, बाबांचा हात खांद्यावर घ्यायची आणि खाटेपासून अंगणातल्या उंच कडुलिंबापर्यंत न्यायची, तिथून परत. भाऊ नव्हता. मीच होते.

आणि अशात पुण्याहून फोन आला. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या नादाने मी एका कंपनीत मुलाखत देऊन आले होते. लागणार नाही याची खात्री होती म्हणूनच दिली होती. तर लागली! सोमवारी या म्हणाले. क्लासमध्येच फोन आला, दुपारची वेळ, काका कोंबड्या हाकत होते. मी फोनवर सांगून टाकलं, जमणार नाही, घरी अडचण आहे. ती बाई भली होती. म्हणाली, शनिवारपर्यंत विचार करा.

फोन ठेवला. काका पडद्याकडेच बघत म्हणाले, "काहून न्हाई म्हटलं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"पुण्याची गाडी सकाळी निघते. जागा मिळते."

मग माझा तोल गेला. मुलं समोर असताना मी ओरडले. "तुम्ही मला सांगता? एवढ्या महिन्यांपासून त्या पोराला पुलाला पाय लावू देत नाही तुम्ही! गाव जळेल म्हणता! मग माझं घर नाही का जळणार? बाबांना कोण चालवणार, तुमच्या कोंबड्या?"

काका उठले. टोपी घातली. घड्याळात तास अजून अर्धा होता, तरी निघून गेले. गडी झोपडीसमोर तसाच उभा, खुराड्याचं दार उघडं. मीच जाऊन कॉम्प्युटर बंद केला आणि रडू येऊ नये म्हणून मुलांना फार कठीण परिच्छेद टाईप करायला दिला.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी घरी गेले तर अंगणात बाबांच्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसलेले. आईने चहा दिला होता. काका ताठ बसले होते, चौकशीच्या खिडकीत बसायचे तसे, आणि बाबांशी मोठ्या आवाजात बोलत होते. बाबांची वाचा गेली होती, कान शाबूत होते, पण हे काकांना कोण सांगणार?

"गुरुजी, पोरगी पुण्याला जाऊन राह्यली होती. न्हाई म्हटली. तुमच्यापायी न्हाई म्हटली. तुमाला ठावं हाय का?"

मी म्हटलं, "काका!" त्यांनी माझ्याकडे न बघता सिंगल दिली. बाबांचे डोळे माझ्याकडे वळले. मी त्यांना मुलाखतीचंसुद्धा सांगितलं नव्हतं.

"आता मी काय म्हणतो ते ऐका," काका म्हणाले. "चालवायची ड्युटी मपल्याकडं. रोज संध्याकाळी, जालन्याची गाडी लागते त्या टायमाला. मी कधी लेट झालो का, सांगा? फक्त तुमचं बोलणं होऊ द्या. पोरगीनं जावं का थांबावं?"

बाबांचे ओठ हलले. नुसता आवाज निघाला, शब्द नाही. आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबांनी डोळे मिटले, उघडले, आणि मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला. हवेतली दोरी त्यांनी धरली आणि एकदा ओढली.

थांब म्हणाले, असं वाटलं. वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम.

पण हात खाली आला नाही. दम घेऊन त्यांनी दुसऱ्यांदा ओढली.

"डबल!" काका खुर्चीवरून उठलेच. "आता मॅडम, कंट्रोलरला पण गाडी थांबवता येत न्हाई."

मी बाबांच्या उशाशी बसून रडले. चांगलं भोकाड पसरून रडले, लाज वाटली नाही. काका अंगणात उभे राहून लिंबाकडे बघत होते. थोड्या वेळाने जवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, मी इतकी वर्षं लोकांना गाडीत बसवलं. पोरी सासरी गेल्या, पोरं मिलिट्रीत गेले, घरंच्या घरं कारखान्यावर गेली. पूल ओलांडून गेले सगळे. एकबी गाव जळालं न्हाई. ते गेमवाले खोटं सांगून राह्यले."

"मग तुम्ही का नाही ओलांडत?"

"माझं सोडा. मी डिपार्टमेंटचा माणूस."

रविवारी सकाळी स्टँडवर ही गर्दी. जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांवर काका आयुष्यभर भोंग्यातून खेकसले होते. 'रुमाल टाकल्यानं जागा होत न्हाई!' हे वाक्य गावातल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. त्या दिवशी पुण्याची गाडी फलाटाला लागली, आणि काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून खिडकीतून आत फेकला. नव्या कंट्रोलरने केबिनमधून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला खिडकीची जागा मिळाली. गाडी गावाबाहेरच्या पुलावर आली तेव्हा मी मागे बघितलं नाही. मला भीती वाटली.

क्लास माझ्याच एका विद्यार्थिनीने चालवायला घेतला होता. मी रोज रात्री जेवायच्या आधी एसटीडी बूथवरून तिथे फोन करायची आणि काका, वाट बघत बसलेले, रिपोर्ट द्यायचे. "आज लिंबापर्यंत. परत. टायमात." बास. आई कशी आहे, जेवले का, काही नाही. गाडीची नोंद द्यावी तसं. पुढे एकदा, "आज लिंबाच्या पुढं फाटकापर्यंत." आणि एका रात्री बाबांचा विषय संपल्यावरही फोन ठेवला नाही.

"मॅडम, ओलांडला."

"काय?"

"पूल. आज दुपारी."

मी बूथमध्ये उभी, बाहेर लोक ताटकळलेले. "मग? जळालं का?"

"जळालं." "कोंबड्या अगोदर सोडून दिल्या होत्या मी. त्या पळाल्या असतील."

एवढ्या महिन्यांचं ते गाव, ती आजी, तो लोहार. मी म्हटलं, "काका, वाईट वाटलं का?"

"वाटलं ना. चहा घेतला न्हाई आज. पण मॅडम, पुढं लय मोठा मुलूख हाय हो. समुद्र हाय. मला कुणी सांगितलंच न्हाई."

उन्हाळ्यात एकदा त्यांनी रिपोर्टच्या शेवटी सांगितलं, रविवारी दुपारी शिवाजीनगर स्टँडवर उभ्या राहा, सामान पाठवलंय. मला वाटलं आईने लोणचं, पापड, कुरडया काहीतरी कंडक्टरच्या हाती दिलं असेल. मी पिशवी घेऊन गेले.

गाडी आली, धुळीने माखलेली. दारात पहिल्यांदा काका दिसले. इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशातून डोकावणारी ती पासाची प्लास्टिकची पिशवी. उतरता उतरता त्यांनी स्टँडभर नजर फिरवली. भोंग्यातून काहीतरी गरगर चाललं होतं. "हे काय अनाउन्समेंट हाय?" म्हणाले. "निम्मं नाकात बोलून राह्यला. माणसाला गाडी कशी सापडीन?" मग वळून त्यांनी खांदा पुढे केला, आणि त्या खांद्यावर डावा हात ठेवून, एक एक पायरी, बाबा उतरले. मागून आई, हातात लोणच्याची बरणी.

मी पिशवी टाकून धावले. बाबांना धरलं, ते उभे होते, स्वतःच्या पायांवर उभे होते. मला काही दिसेना. आणि मूर्खासारखं माझ्या तोंडून काय निघालं, तर, "घरी कोण आहे?"

"कुणी न्हाई," आई म्हणाली. "कुलूप लावलं." आमच्या घराला माझ्या आठवणीत पहिल्यांदाच कुलूप लागलं होतं.

काकांनी माझा चेहरा बघितला. त्यांना कळलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मला पण धाकधूक होती, मॅडम. म्हणून पूल ओलांडल्यावर गाडी थांबवली. ड्रायव्हर आपल्याच हाताखालचा. खाली उतरलो, मागं वळून चांगलं पाह्यलं. धूर न्हाई, काही न्हाई. लिंब दिसतं ना तिथून, ते पण दिसलं. बराबर जागेवर हाय सगळं."

"आणि मग?"

"मग काय, चढलो. कंडक्टर दोरीला हात घालणार, तेवढ्यात मी म्हटलं थांब." त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा हसत होते, तोंडाची एकच बाजू, पण हसत होते. "त्यांना उचलून धरलं मी. डबल गुरुजींनी दिली."